विहिरीचा चौथा वाटा

शाळा समितीचे अध्यक्ष रंगराव एके दिवशी तपासणीला म्हणून चौथीच्या वर्गात आले. केशरने पाटीवर लिहिलं होतं, एक तृतीयांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा.

“तीनापेक्षा चार मोठे, एवढंही येत नाही?” म्हणत त्यांनी त्यावर फुली मारली. “हिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवू नका. शाळेची अब्रू जाईल.”

केशर ओठ दाबून उभी राहिली. वर्गाच्या बाई म्हणजे रंगरावांचीच नवी सून, वैजयंता. सासऱ्यांना ‘चुकलात’ म्हणायची त्या घरात रीत नव्हती. तिने पदर सारखा केला.

“मामंजी, आपल्या विहिरीच्या पाण्यात तुम्हा तिघा भावांचे सारखे वाटे आहेत ना?”

“मग?”

“आत्याबाई, तुमच्या सख्ख्या बहीण, वर्षभर चौथा वाटा मागतायत. देऊन टाका की. मग आपल्याला एक तृतीयांशाऐवजी एक चतुर्थांश मिळेल, म्हणजे पाणी वाढेलच.”

“वाढेल कसं? कमी होईल!” रंगराव कडाडले, आणि आपलाच आवाज ऐकून थांबले.

त्यांनी उपरण्याच्या टोकाने फुली तेवढी पुसली.

“बसव हिला परीक्षेला,” ते म्हणाले.

आत्याबाईंच्या वाट्याचं मात्र त्या दिवशीही कुणी बोललं नाही.