दीपमाळ उतरताना

“आणि मग?” अंतोबुवांनी विचारलं.

“मग टोकाची पणती लागते,” रामलिंग म्हणाला. “खाली सगळं गाव उभं असतं. कुणीतरी शंख फुंकतं. आई हसते.”

“आणि मग?”

“मग काय, बुवा? झालं की.”

बुवा वात वळत होते. ती वळून झाली, तेव्हा त्यांनी ती परातीत ठेवली आणि दुसरा कापूस घेतला.

मीही शेजारी वाती वळत बसलो होतो. त्रिपुरी पौर्णिमेची दुपार होती. नागनाथाच्या देवळामागे बुवांचा मठ आहे; तिथं त्या दिवशी जो सापडेल त्याला कामाला बसवतात, म्हणून हे सगळं माझ्या कानावर पडलं. एरवी रामलिंग माझ्यासमोर असलं काही बोलला नसता.

देवळासमोर दीपमाळ आहे. तीन मजली घराएवढा दगडी खांब आणि त्यातून बाहेर आलेले एकेचाळीस दगड. त्या दगडांवरच पाय देत चढायचं आणि त्यांच्यावरच पणत्या लावायच्या. हे काम गावच्या गुरवाच्या घराकडे. सात वर्षांपूर्वी रामलिंगचे वडील, बसलिंग गुरव, पौर्णिमेच्या संध्याकाळी चढले आणि पडून गेले. तेव्हापासून शिडी लावून खालच्या दहा पणत्या तेवढ्या लावतात. वरची दीपमाळ अंधारात असते आणि लोक तिकडे बघायचं टाळतात.

वडील गेल्यापासून रामलिंग रोज बुवांच्या पायाशी येऊन बसायचा. पण ज्ञान त्याला झालं ते तालुक्याच्या शिबिरात. तीन दिवसांचं शिबिर, नाश्त्यासकट. जे हवं आहे ते झालंच आहे असं मनात बघा, अडचण आपोआप मागे सरते, असं तिथल्या सरांनी माईकवरून सांगितलं. रामलिंगनं प्रमाणपत्राला प्लास्टिक चढवून ते वडिलांच्या फोटोशेजारी टांगलं. मग चौकातल्या हॉटेलात बसून त्यानं जाहीर केलं, की यंदा टोकाची पणती लागणार.

त्या दिवसापासून त्याच्या आईनं, केवळाबाईंनी, त्याच्याशी बोलणं टाकलं. आज आठवा दिवस होता.

“मग हात का पुसतोस सारखे?” बुवांनी विचारलं.

रामलिंगनं तळवे मांड्यांखाली दडपले.

“घाम येतो.”

“भीती वाटते?”

“भीती नाही…” तो थांबला. “चित्र रोज बघतो, बुवा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. जितकं बघतो तितके हात जास्तच गार पडतात. सर म्हणाले होते, शंका आली की चित्र अजून ठळक करा. मी ठळक केलं. आता जेवण जात नाही.”

बुवांनी वळलेली वात परातीत टाकली.

“माझाच विश्वास कमी पडतोय का?”

“कुठून बघतोस?” बुवा म्हणाले.

“म्हणजे?”

“दीपमाळ. चित्रात तुला ती कुठून दिसते?”

रामलिंगनं डोळे मिटून पाहिलं. “खालून. आई उभी असते ना, तिथून.”

“आणि वर कोण आहे?”

“मी.”

“मग खाली कोण उभं आहे?”

रामलिंगनं डोळे उघडले.

“पणत्या कशा लागतात?” बुवांनी पुढचा कापूस घेतला.

“एकेक. खालून वर. मी चढत जातो तशा लागत जातात.”

माझ्या हातातली वात तुटली. दीपमाळ वरून खाली लावतात, हे आमच्या गावात कुणालाही विचारा. चढताना पणत्यांत तेल घालायचं, उतरताना त्या पेटवायच्या. गुरवाच्या पोटी जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये.

रामलिंगला माझा चेहरा दिसला असावा. “मला माहीत आहे हो,” तो चिडून म्हणाला. “पण चित्रात खालून वर गेलेलं चांगलं दिसतं.”

बुवा रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त कोपऱ्याकडे बोट केलं. तिथून माळ्यावर जायला दगडी जिना आहे. बारा पायऱ्या, आणि एका वेळी एकच माणूस जाईल एवढीच रुंदी.

“तिथं लाव,” बुवा म्हणाले. “चित्रात लावतोस तशाच.”

रामलिंग उठला. एकेका पायरीवर पणती ठेवत, ती पेटवत तो वर गेला. बारावी पेटली. मठ तसा अंधाराच असतो, त्यामुळे सगळा जिना उजळून निघाला. छान दिसत होतं, हे मी नाकारणार नाही.

“असंच दिसतं?”

“असंच.” त्याचा आवाज जरा मोकळा झाला होता.

“खाली ये.”

रामलिंगनं एक पाय उचलला आणि परत ठेवला. भिंतीला पाठ लावून आडवं उतरून पाहिलं. धोतराचा काठ पणतीवरून गेला आणि जळका वास आला. तो घाईनं मागे सरकला.

बुवा वाती वळत राहिले.

थोड्या वेळानं रामलिंग वाकला. त्यानं पहिली पणती फुंकून विझवली. मग दुसरी. बाराच्या बारा विझवत तो खाली आला, तेव्हा जिन्यावर नुसता धूर होता.

तो बुवांसमोर बसला. मघाचा ताठा कुठल्या कुठे गेला होता. मला त्याची दया आली, आणि संध्याकाळ होऊच नये असंही वाटलं.

“उतरायचं चित्र का नाही, रामलिंगा?”

“येत नाही.”

“का?”

रामलिंगनं धोतराचा जळका काठ चिमटीत धरला.

“का?”

“उतरायला लागलं की तिथं अप्पा असतात.”

बुवांचा हात थांबला. सकाळपासून पहिल्यांदाच थांबला.

बसलिंगला दीपमाळ चढायला बुवांनीच शिकवलं होतं. तो गेला तेव्हा त्याचं डोकंही त्यांच्याच मांडीवर होतं. सगळ्या गावाला हे ठाऊक आहे, पण त्यांच्यासमोर कुणी बोलत नाही.

“सतरावा दगड,” बुवा म्हणाले.

“सतरावा,” रामलिंग म्हणाला.

बाहेर कुणीतरी देवळाचं अंगण झाडत होतं, तेवढाच आवाज.

“डोळे मीट,” बुवा म्हणाले. “टोकाला उभा राहा. गाव नाही, शंख नाही, आई नाही. पणती लावलीस?”

“लावली.”

“उतर.”

“कसा?”

“तुला ठाऊक आहे कसा. पाय खालच्या दगडावर घ्यायचा, मग वरची पणती पेटवायची. सांगत सांगत उतर.”

“चाळिसावा. डावा पाय. वरची लावली… एकोणचाळीस. उजवा. लावली…”

असं तो उतरू लागला. मी वाती वळायच्या सोडून त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो तिसाच्या आसपास पोचला.

“हात थरथरतायत, बुवा.”

“थरथरू देत. पाय कुठे आहे?”

“सत्ताविसावर.”

“कुठला?”

“उजवा.”

“पुढे.”

पंचवीस. बावीस. वीस. त्याच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला तरी त्यानं तो पुसला नाही. मांडी घालून बसलेला माणूस, पण दोन्ही हातांची बोटं समोरच्या हवेत काहीतरी घट्ट धरून होती.

“अठरावा,” तो म्हणाला. “एकोणिसावी लावली.”

तिथं तो थांबला.

“बुवा…”

“इथंच आहे मी.”

“सतराव्यावर पाय टेकवता येत नाही. ओला आहे.”

“कशानं?”

“तेलानं.”

“कुणी सांडलं?”

रामलिंगचे ओठ हलले. “अप्पांनी… चढताना. पणती जास्त भरली असणार. दगडावर ओघळलं, आणि उतरताना त्यावरच…” त्यानं मान हलवली. “नाही. आता मी आहे. माझ्याच हातनं सांडलंय.”

“मग?”

“वर जातानाच पुसून घ्यायला हवा होता.”

हे म्हणताना त्यानं खाडकन डोळे उघडले.

“उघडायला कुणी सांगितलं?” बुवा म्हणाले. “अजून सतरा दगड आहेत.”

रामलिंगनं डोळे मिटले. सतरावा… सोळावा… शेवटी त्याच्या पायाचा अंगठा मठाच्या फरशीवर दाबला गेला आणि त्यानं श्वास सोडला. सदरा पाठीला चिकटला होता.

“भीती वाटली?”

“वाटली.”

“पडलास?”

“नाही.”

“परत वर जा. परत उतर.”

त्या दुपारी बुवांनी त्याला तीनदा उतरवलं. तिसऱ्या खेपेलाही अठराव्यावर तो थांबलाच, पण बुवांनी विचारायच्या आतच पुढे निघाला. मधेच त्यानं विचारलं होतं, “शिबिरातले सर चुकीचं सांगत होते का?”

“नाही,” बुवा म्हणाले. “तू चित्रातून मधेच उठून आलास.”

दिवस मावळला. सगळं गाव अंगणात जमलं. वारा सुटला होता, आणि मला तो मुळीच आवडला नाही. केवळाबाई देवळाच्या पायरीशी एका बाजूला उभ्या होत्या. लेकाकडे बघत नव्हत्या, आणि दीपमाळेकडेही नाही.

रामलिंग तेलाची बुधली खांद्याला अडकवून आला. वाती कमरेला, काड्यापेटी खिशात. तो सरळ आईपुढे जाऊन उभा राहिला.

“आई, कोरडं फडकं पाहिजे.”

केवळाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्यानं असलं काही कधी मागितलं नव्हतं, हे त्यांच्या मनात आलं असेल का, मला सांगता येणार नाही. त्यांनी नेसलेल्या जुन्या लुगड्याचा पदर दातात धरला, हातभर फाडला आणि त्याच्या हातात दिला. बोलल्या मात्र नाहीत.

त्यानं फडकं कमरेला खोचलं आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला.

शंख वाजला. लोकांनी नागनाथाच्या नावाचा गजर केला. मग तोही हळूहळू थांबला. दहाव्या दगडापर्यंत तो कंदिलाच्या उजेडात दिसत होता. त्यापुढे नुसती एक सावली खांबाला चिकटून वर सरकत होती. मी दगड मोजत होतो. सगळेच मोजत असणार.

सतराव्यावर ती सावली थांबली.

थांबली ती थांबलीच. वारा आला आणि अंगणातल्या पणत्या फडफडल्या. माझ्यामागे कुणीतरी पुटपुटलं, “घाबरला बघा.” दुसरं कुणी म्हणालं, “शिडी आणा.” वर एक हात मात्र दगडावरून पुढे मागे, पुढे मागे फिरत होता. पुन्हा. आणि पुन्हा एकदा. मग सावली वर सरकली.

केवळाबाई कधी माझ्या आणि बुवांच्या जवळ आल्या ते कळलं नाही. त्यांनी फाटक्या पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकला.

“बुवा… माझा लेक खाली येईल ना?”

अंतोबुवा वर बघतच नव्हते. ते सगळ्यात खालच्या दगडाकडे बघत होते.

“तो दुपारीच आलाय, बाई. आता फक्त चढायचा राहिलाय.”