काडी, नाक आणि सुगंधाचं लग्न

एका गावात एक भोळा रंगारी होता. नाव त्याचं धाकू. गाव कोकणातलं, पण धाकू असायचा मस्कतला, कारण गावातल्या रंगवण्यासारख्या भिंती संपल्या होत्या. कामाला वाघ. सांगाल तेवढं करी आणि सांगाल तसंच करी. ही भिंत रंगव म्हटलं की भिंतीवरचं कॅलेंडरही रंगवी. कॅलेंडर सोड, असं कोणी म्हणालेलं नसे.

तिथं धाकू राही त्या मजुरांच्या कॅम्पात भिकामामा होता. धाकूच्या आईचा चुलतभाऊ. कामगारांच्या खानावळीत भात शिजवी. भात शिजेपर्यंत माणसाला विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो, त्यामुळं मामाला सगळ्यातलं सगळं कळे. निदान मामा तसं म्हणे.

दिवस कोरोनाचे. एका सकाळी आईचा फोन आला.

"धाकू, सुगंधाचं ठरलं. पोरगा गुणी हाय, गरीब गाय. तू ये."

"येतो की."

"येतो की नाय, येच. नवरदेवाचा कान कोण पिळणार? एकुलता भाऊ तू. भाऊ जिवंत असताना दुसऱ्याच्या हातून कान पिळून घेणार नाय म्हणते ती. तू नसलास तर बोहल्यावर चढत नाय."

आता हे कान पिळणं तुम्हाला ठाऊकच आहे. होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीला नीट वागव, नाहीतर हा कान आणि हा मी, असा त्याचा अर्थ. आयुष्यात पुढं कोणी वागवतं, कोणी नाही, पण कान त्या दिवशी लाल होतो.

विमान शुक्रवारचं मिळालं. ते चुकलं तर पुढचं कधी, हे विमानवाल्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि विमानात बसायचं तर टेस्ट करून घ्यायची, रिपोर्ट दाखवायचा. धाकू मामाकडं गेला.

मामा म्हणाला, "सोपं हाय. समोरच्या रस्त्याला टेस्टचा तंबू हाय. जा नि करून ये. पण एक ध्यानात धर. बाहेर पडलास की तोंडावरचा मास्क काढायचा नाय. कोणी काय पण म्हणू दे."

धाकू तंबूत गेला. नर्सबाई केरळची. तिनं त्याला खुर्चीवर बसवलं.

"मास्क नीचे करो."

"नहीं करेगा."

"टेस्ट करना है. नीचे करो."

"कोई कुछ भी बोले, नहीं करेगा. मामा बोला है."

"मामा डॉक्टर है?"

"नहीं. भात पकाता है."

नर्सबाईनं त्याच्याकडं बघितलं, त्याच्यामागच्या रांगेकडं बघितलं, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

धाकू परत आला. मामानं झारा आपटला. "अरे खुळ्या, टेस्टवाल्यांसमोर काढायचा. खुर्चीवर बसवलं की मास्क काढायचा, मान मागं टाकायची, तोंड आ करायचं नि गप्प पडायचं. ते काय करतील ते करू द्यायचं. एक शब्द बोलायचा नाय."

"असं होय? हे आधी नाय सांगितलंस, मामा."

दुसऱ्या दिवशी धाकू निघाला. वाटेत न्हाव्याचं दुकान लागलं. बहिणीच्या लग्नाला जायचं तर केस थोडे बारीक करून घ्यावेत, असं त्याला वाटलं. वाटणं चुकीचं नव्हतं. न्हाव्यानं त्याला खुर्चीवर बसवलं. झालं. धाकूनं मास्क काढला, मान मागं टाकली, तोंड आ केलं आणि गप्प पडला.

"बाल काटना है?" न्हाव्यानं विचारलं.

धाकू गप्प.

"दाढी?"

गप्प.

"मूंछ भी?"

गप्प.

न्हावी धंद्यातला माणूस. गिऱ्हाईक नाही म्हणत नाही याचा अर्थ त्यानं त्याच्या सोयीनं घेतला.

धाकू परत आला तेव्हा मामाच्या हातातला झाराच पडला. डोक्याचा गोटा, ओठावर मिशी नाही. आपल्यात ही दोन्ही एकदम कधी उतरतात, ते सांगायला नको. मामानं त्याला छातीशी धरलं.

"धाकू, दाजी गेले?"

"कुठं?" धाकूनं विचारलं.

एव्हाना कॅम्पातली दहाबारा माणसं भोवती जमली होती आणि एकेक जण धाकूच्या पाठीवरनं हात फिरवत होता. धाकूलाही रडू आलं. एवढी माणसं जवळ येऊन पाठीवरनं हात फिरवतात म्हणजे काहीतरी वाईट झालं असणार, असं त्याला वाटलं. सगळा उलगडा होईपर्यंत मामाचा भात करपला.

"अरे, न्हाव्याची खुर्ची वेगळी नि टेस्टची वेगळी," मामा म्हणाला. "खुर्ची बघू नको. काडी बघ. टेस्टवाल्याच्या हातात काडी असते. काडी पुढं आली की नाक पुढं करायचं. कान नाय, तोंड नाय. नाक. काय?"

"काडी नि नाक."

"शाबास."

"हे आधी नाय सांगितलंस, मामा."

सकाळी धाकूच्या खोलीतला मुरुगन देवापुढं उदबत्ती ओवाळत होता. तमिळ माणूस, देवाचं भारी वेड. ओवाळून झाल्यावर त्यानं उदबत्ती खोलीभर फिरवली. ती धाकूच्या अंथरुणापाशी आली. काडी पुढं आली म्हणताच धाकूनं नाक पुढं केलं.

मुरुगन पूजा सोडून पाणी आणायला धावला.

मामानं नाकाच्या शेंड्यावरचा फोड बघितला आणि कपाळाला हात लावला. "सगळ्या दुनियेच्या काडीत नाक घालशील काय रे? टेस्टवाल्याच्या अंगावर खालपासून वरपर्यंत पांढरा झगा असतो. आधी झगा बघ. मग काडी बघ. मग नाक. आज गुरुवार आला. उद्या विमान. हे चुकलास तर तिकडं सुगंधा बोहल्यावर चढायची नाय, नि मी तुझ्या आईला तोंड दाखवायचा नाय."

"असं होय? झगा, काडी, नाक. हे आधी—"

"जा."

आता मस्कतमधे निम्मी माणसं अंगभर पांढरा झगा घालूनच फिरतात, हे मामाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मामाच्या डोळ्यांपुढं सदासर्वदा भात. भातही पांढराच.

धाकू मंत्र म्हणत निघाला. झगा, काडी, नाक. झगा, काडी, नाक. कोपऱ्यावर एक म्हातारा अरब आपल्या गाडीला टेकून उभा होता. झगा शुभ्र. हातात दात घासायची काडी. ती तो संथपणे दातांवरनं फिरवत होता. धाकूनं झगा बघितला. काडी बघितली. म्हाताऱ्यापुढं जाऊन मास्क खाली केला आणि फोड आलेलं नाक काडीखाली धरलं.

म्हातारा एक पाऊल मागं सरला. धाकू एक पाऊल पुढं सरला. म्हातारा गाडीच्या त्या बाजूला गेला. धाकूही गेला. दोघांनी गाडीला प्रदक्षिणा घातली.

शेवटी म्हातारा थांबला. माणूस दिलदार. गोटा केलेलं डोकं, भाजलेलं नाक, डोळ्यांत पाणी. या परदेशी माणसाला काहीतरी मोठं दुःख आहे, एवढं त्याला कळलं. त्यानं हातानं विचारलं, काय पाहिजे. धाकूनं हातानं सांगितलं, काडी, इथं. म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं. तो पोट धरून हसला आणि धाकूला गाडीत घालून तंबूत घेऊन गेला.

नर्सबाईनं धाकूला ओळखलं. मिशी नव्हती तरी ओळखलं. "मामा क्या बोला आज?"

"झगा, काडी, नाक," धाकू म्हणाला आणि नाक पुढं केलं. नर्सबाईनं काडी घातली, फिरवली, काढली. झालं.

"रिपोर्ट सुबह आएगा. तब तक आगे कहीं नहीं जाना."

धाकू खुर्चीवरनं उठलाच नाही. पुढच्या माणसाची टेस्ट शेवटी उभ्यानं झाली. तंबू बंद करताना चौकीदारानं धाकूला खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवला. सकाळी रिपोर्ट आला. स्वच्छ.

मामा त्याला न्यायला आला तो चक्क खूश होता. "हे बरोबर केलंस धाकू. काडी घातली की रिपोर्ट येईपर्यंत माणसाला पुढं सोडत नायत. मग तो कोण का असेना. कायदाच हाय तसा."

आजवर धाकूला कोणी बरोबर केलंस असं म्हणालं नव्हतं. ते वाक्य त्यानं काळजात ठेवलं.

विमान मिळालं. गावात उतरल्यावर गावानं त्याला नियमाप्रमाणं शाळेत एकटा ठेवला. तिथनं सुटला तो लग्नाच्या दिवशी, आणि थेट मांडवात आला. आईनं त्याचं डोकं बघून आधी रडून घेतलं, मग त्याला फेटा बांधला. सुगंधा मुंडावळ्यांतनं हसली. भाऊ आला होता. खुंटीला फोन टांगला होता आणि त्यात मस्कतहून भिकामामा लग्न बघत होता.

मंगलाष्टका झाल्या. लाह्यांचा होम झाला. गुरुजी म्हणाले, "मुलीच्या भावानं पुढं यावं. कान."

नवरदेवाचं नाव अनंत. आज्ञाधारक मुलगा. कान म्हटल्याबरोबर त्यानं मान वळवून कान पुढं केला.

धाकूनं बघितलं. गुरुजींच्या अंगावर पांढरं धोतर, वर पांढरं उपरणं. हातात दर्भाची काडी. आणि हा बिचारा कान पुढं करून बसलेला. धाकूला त्याची दया आली. पहिल्यांदा कोणाचंही चुकतं.

"भावोजी, कान नाय," तो मायेनं म्हणाला. "नाक."

आणि त्यानं नवरदेवाचं डोकं दोन्ही हातांनी धरून नाक नेमकं दर्भावर आणलं.

अनंत शिंकला. असा शिंकला की होमातली राख उडून पहिल्या तीन रांगांवर बसली. एरवी लोक हसले असते. पण दिवस कोरोनाचे. क्षणभर मांडवात कोणी श्वास घेतला नाही, मग सगळ्यांनी एकदम घेतला आणि पळाले. वरमाय पळाली. करवल्या पळाल्या. बॅन्डवाले ढोल टाकून पळाले. नवरदेवाचा मामा तर कुंपणावरनं गेला, आणि तो माणूस गुडघेदुखीसाठी तालुक्यात प्रसिद्ध होता.

गुरुजी जागचे हलले नाहीत. त्यांनी राख झटकली. "चला, सप्तपदी. मुहूर्त थांबत नाही. उठा."

धाकू दोन्ही हात पसरून आडवा आला. "काडी घातलीय, गुरुजी. रिपोर्ट आल्याबिगर माणसाला पुढं सोडत नायत. मग तो कोण का असेना."

"धाकू, अरे धाकू," खुंटीवरनं मामा ओरडत होता.

"मामा, हेच सांगितलंस ना?"

सांगितलं होतं खरं.

अनंत अर्धा उठला होता, तो परत पाटावर बसला. "बरं. किती वाजता मिळतो?" त्यानं विचारलं.

सुगंधानं भावाकडं बघितलं. नवऱ्याकडं बघितलं. मग ती उठली, अनंतचा कान धरला, नीट पिळला, आणि तशीच त्याला धरून सात पावलं चालली. गुरुजींना मंत्र धावत म्हणावे लागले.

धाकूनं फोन खुंटीवरनं काढला आणि तोंडाजवळ धरला. "मामा, पेशंट पळाला. दवाखान्याला कळवू?"

मामा नको म्हणायच्या आत त्यानं मामाचा फोन कापून दवाखान्याला लावला होता.

असं ते लग्न लागलं. वरात मात्र थाटात निघाली. बॅन्ड पळाला होता, पण ॲम्ब्युलन्सला भोंगा होता.