न जेवणारे पाहुणे

तळ्यात प्लॅस्टिकची पहिलीवहिली बाटली पडली, त्या काळातली ही गोष्ट. तिथे शेवाळकाकू राहायच्या. उन्हावर स्वयंपाक करून त्या अख्ख्या तळ्याला जेवू घालायच्या.

पुढे ती बाटली झिजली आणि तिचा एक कण काकूंच्या दारात आला. तो इतका बारीक होता, की काकूंना आधी नुसता आवाजच ऐकू आला.

"बसू का जरा?"

"बसा की! काय वाढू?"

"काही नको. मी जेवत नाही."

काकू हरखल्या. असा पाहुणा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी त्याला थेट खांद्यावरच बसवलं. मागोमाग त्याचं सगळं गोत आलं आणि काकूंच्या अंगभर बसलं. काकूंपर्यंत ऊन पोचेना, चूल पेटेना.

गोगलगाय जेवायला आली, तर पातेलं रिकामं. ती चिडली. "अहो काकू, हाकला की यांना!"

"अगं, पाहुण्याला ऊठ म्हणणं बरं दिसतं का?" काकू धापा टाकत म्हणाल्या. मग अगदी गोड आवाजात त्यांनी कणाला विचारलं, "पाहुणे, मुक्काम किती दिवस?"

"तुम्ही निश्चिंत असा, काकू," कण म्हणाला. "आम्हाला मरण नाही. तुमच्यामागे घर आम्हीच सांभाळू."