टिचकी बेडकीला जागा हवी

एक होतं अंगण. एवढंसं. दत्तूनाना त्यात आडवे झाले असते, तर त्यांचे पाय शेजारच्या काकूंकडे गेले असते. म्हणून नाना आडवे होत नसत. खुर्चीत बसत.

नानांना भाज्या लावायचा भारी नाद. जागा नाही तर नाही. रंगाच्या डब्यात मिरची. फुटक्या टबात वांगं. किटलीत पुदिना. जुन्या हेल्मेटमध्ये कोथिंबीर. भाज्यांना जागा होती. पायांना नव्हती.

कोपऱ्यात होता एक गळका नळ. टप टप. टप टप. नळाखाली एक बीळ. बिळात राहायची टिचकी बेडकी. अंगठ्याएवढी. पाठीवर थेंब पडला की ती म्हणायची, "डराव." म्हणजे, बरं वाटलं.

एका सकाळी टिचकी माशी खायला गेली. माशी खाल्ली. घरी आली. बघते तर काय, बिळावर बादली. बादलीत टोमॅटो. नानांनी आणून ठेवली होती. सगळे थेंब टोमॅटोला. टिचकीला एकही नाही.

टिचकी बादलीवर चढायला गेली. सुळ्ळ. खाली.

भिंतीवर ऊन आलं होतं. बेडकीला ऊन सोसत नाही. बेडकीची पाठ ओली हवी.

टिचकी म्हणाली,
"बादलीताई, बादलीताई, घर सोड.
माझी पाठ सुकत चालली."

"सोडलं असतं गं," बादली म्हणाली. "पण सरकू कुठे? शेजारी वांगं बसलंय टब पसरून. त्याला सांग."

टुण पचाक. टुण पचाक. टिचकी गेली वांग्याकडे.

"वांगोबा, वांगोबा, जागा सोड.
बादली घर सोडत नाही,
आणि माझी पाठ सुकत चालली."

"सोडली असती," वांगं म्हणालं. "पण हलणार कसं? दोडक्याने माझा कान धरलाय."

खरंच. दोडक्याच्या वेलाने वांग्याचं एक पान घट्ट गुंडाळून धरलं होतं. वांगं त्याला कान म्हणायचं. म्हणू दे.

टुण पचाक. टुण पचाक. टिचकी गेली दोडक्याकडे.

"दोडकेमामा, दोडकेमामा, कान सोडा.
वांगं जागा सोडत नाही,
बादली घर सोडत नाही,
आणि माझी पाठ सुकत चालली."

"सोडला असता," दोडका म्हणाला. "पण मग धरू काय? तुझी शेपटी? तुला तर शेपटीच नाही. मला दोरी लागते. दोरीवर नानांचा पायजमा बसलाय."

ऊन भिंतीवरून उतरलं. मिरचीवर बसलं.

टुण पचाक. टुण पचाक. टिचकी गेली पायजम्याकडे.

"पायजमेराव, पायजमेराव, दोरी सोडा.
दोडका कान सोडत नाही,
वांगं जागा सोडत नाही,
बादली घर सोडत नाही,
आणि माझी पाठ सुकत चालली."

"सोडली असती," पायजमा म्हणाला. "मला काय इथे हौस आहे? सगळी गल्ली माझं भोक बघते. पण उतरू कसा? माझा नाडा लोंबतोय खाली. नाड्यावर बोका झोपलाय."

टुण पचाक. टुण पचाक. टिचकी गेली बोक्याकडे. गबदू बोका. ढोल्या पोटाचा. पोटाखाली नाडा.

"बोकोबा, बोकोबा, नाडा सोडा.
पायजमा दोरी सोडत नाही,
दोडका कान सोडत नाही,
वांगं जागा सोडत नाही,
बादली घर सोडत नाही,
आणि माझी पाठ सुकत चालली."

बोक्याने एक डोळा उघडला. दुसरा उघडायचा कंटाळा केला.

"सोडला असता," बोका म्हणाला. "पण लोळू कुठे? मऊ जागा आणखी एकच आहे. खुर्ची. खुर्चीत नाना."

ऊन मिरचीवरून उतरलं. फरशीवर आलं. फरशी चटचट तापली.

टुण... पचाक. टुण... पचाक. टिचकी गेली नानांकडे.

"नाना, नाना, खुर्ची सोडा.
बोका नाडा सोडत नाही,
पायजमा दोरी सोडत नाही,
दोडका कान सोडत नाही,
वांगं जागा सोडत नाही,
बादली घर सोडत नाही,
आणि माझी पाठ सुकत चालली."

"सोडली असती," नाना म्हणाले. "पण चहा कुठाय? माई हट्ट धरून बसलीय, चहाच देत नाही. चहा घेतल्याशिवाय मी उठलोय का कधी? जा, माईला विचार. माझं नाव सांगू नकोस."

टुण... पचाक. टुण... पचाक. टिचकी गेली माईंकडे. माई दारात उभ्या होत्या. हातात फडकं. कपाळावर आठी.

"माई, माई, हट्ट सोडा.
नाना खुर्ची सोडत नाहीत,
बोका नाडा सोडत नाही,
पायजमा दोरी सोडत नाही,
दोडका कान सोडत नाही,
वांगं जागा सोडत नाही,
बादली घर सोडत नाही,
आणि माझी पाठ सुकत चालली."

"नानांनी पाठवलं ना तुला?" माई म्हणाल्या.

"त्यांनी नाव सांगू नको म्हटलंय," टिचकी म्हणाली.

"सोडला असता हट्ट," माई म्हणाल्या. "पण ती बादली कुणाची? माझी. फरशी पुसायची. यांनी त्यात टोमॅटो लावला. विचारलं का मला? आधी बादली, मग चहा."

टिचकीने डोळे मिचकावले. बादलीसाठी चहा. चहासाठी बादली. सगळं गोल गोल.

"मग मी कुठे बसू?"

"जागा दिसेल तिथे बस," माई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

टिचकीने इकडे बघितलं. डबा. तिकडे बघितलं. टब. पुढे बघितलं. किटली. मागे बघितलं. हेल्मेट. कुठे म्हणून जागा नाही. पाठ तर पापडासारखी झाली.

मग तिने वर बघितलं.

नानांचा सदरा. सदऱ्याला खिसा. खिसा मोठा. खिसा रिकामा.

"बरी आहे की जागा," टिचकी म्हणाली.

टुण. नानांच्या पायावर.
टुण. नानांच्या गुडघ्यावर.
टुण. नानांच्या पोटावर. पोट मऊ होतं. उडी चांगली उंच गेली.
गुडुप. खिशात.

आत अंधार. आत घाम. ओलं ते ओलं.

"कोण आहे?" नाना म्हणाले.

"मी टिचकी," खिसा म्हणाला. "मी आता इथेच राहते."

आणि तिने पाय ताणले. सगळे चार.

"गुदगुल्या, गुदगुल्या," नाना ओरडले. नाना उठले. उठले म्हणजे उडाले. आजवर चहाशिवाय न उठलेले नाना चहाशिवाय उठले, आणि एवढ्याशा अंगणात थयथय नाचले.

नानांनी खुर्ची सोडली.
बोक्याने नाडा सोडला. धप्प, खुर्चीत.
पायजम्याने दोरी सोडली. फर्रर्र, नानांच्या डोक्यावर.
दोडक्याने कान सोडला. गर्रर्र, दोरीला विळखा.
वांग्याने जागा सोडली. घस्स, टब बाजूला.
बादलीने घर सोडलं. घर्रर्र, बादली बाजूला.

टिचकीने खिशातून डोकं काढलं. समोर बीळ. तिचं स्वतःचं बीळ.

टुण. टुण. टुण. पचाक.

टप. पाठीवर एक थेंब.
टप. पाठीवर दुसरा थेंब.

"डराव," टिचकी म्हणाली.

नाचण्याचा आवाज ऐकून माई बाहेर आल्या. त्यांनी बघितलं, बादली मोकळ्यावर. त्यांनी बघितलं, नाना उभे. डोक्यावर पायजमा. एक पाय इकडे लोंबतोय, एक पाय तिकडे.

माई हसल्या. आधी थोड्या. मग खूप. मग दाराला धरून.

माईंनी हट्ट सोडला. चहा ठेवला.

मग त्यांनी टोमॅटो उचलला. मातीसकट, मुळासकट. आपली बादली घेतली. आणि टोमॅटो लावला नानांच्या अंघोळीच्या बादलीत.

"अहो, आणि मी अंघोळ कशात करू?" पायजम्यातून नाना म्हणाले.

"नळाखाली बसा," माई म्हणाल्या.

नळाखालून आवाज आला, "इथे जागा नाही."

नानांनी खुर्चीकडे बघितलं. खुर्चीत बोका. बोक्याने या वेळी दोन्ही डोळे उघडले. नानांनी उभ्यानेच चहा घेतला.

टिचकी शिरली घरात,
बोका बसला खुर्चीत,
नाना राहिले दारात,
गोष्ट संपली जोरात.

आता तुम्ही सरका जरा. मला पाठ टेकू द्या.