केरबानं बाळाचं पोट सांभाळलं

एका गावात केरबा नावाचा एक भोळा बाप होता. बाप नुकताच झाला होता, भोळा आधीपासूनच होता. घरात बायको हौसा बाळंतीण, गोठ्यात म्हैस नुकतीच व्यालेली. केरबाला एकच घोर. बाळाचं पोट बिघडायला नको.

नर्सबाई म्हणाल्या, "बाळाला घेण्याआधी साबणानं हात धुवा. जंतू लागतात."

"ध्यानात ठेवतो, बाई."

ठेवलं. पण बाळाला हातापेक्षा हौसाच जास्त लागते, हे त्याला दिसलं. पाजायची वेळ झाली की साबण आणि घंगाळ घेऊन हा हजर. घासून घासून हौसाची कातडी सोलून निघायची पाळी आली. (पहिलं बाळ घरात आलं की शहाणी माणसंही याहून फार निराळी वागत नाहीत. पण गोष्ट केरबाची आहे.)

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, आईच्या अंगावरचे, दुधातले जंतू चांगले असतात. ते बाळाच्या पोटात जाऊन राहतात, पोट सांभाळतात. आईला घासू नकोस."

"ध्यानात ठेवतो, बाई."

म्हैसही आईच. संध्याकाळी त्यानं शेणानं माखलेली कास तशीच पिळली. डेअरीवाल्यानं किटलीत डोकावून दूध परत केलं. "कास धू की लेका. आन् पहिल्या धारा जमिनीवर सोड."

"ध्यानात ठेवतो, दादा."

घरी बाळ भुकेनं रडत होतं. हौसानं त्याला पदराखाली घेतलं तसा केरबा आडवा आला. "थांब. पहिल्या धारा जमिनीवर."

"का? जमीन रडतीया व्हय?" हौसा म्हणाली आणि तिनं नर्सबाईंना बोलावणं धाडलं.

नर्सबाई म्हणाल्या, "आईचं दूध लेकराचं. थेंब वाया घालवू नकोस. पोट भरेपर्यंत पिऊ दे."

"ध्यानात ठेवतो, बाई."

त्यानं रेडकू मोकळं सोडलं. रेडकानं कास रिकामी केली आणि रात्रभर हगून गोठा भरला.

सकाळी गुरांचे डॉक्टर आले आणि ओरडले, "एवढं पाजतात का? थोडं पिऊ द्यायचं, मग ओढून खुंट्याला बांधायचं. म्हशीपुढं पेंड ठेवायची आणि उरलेलं बादलीत काढायचं."

"ध्यानात ठेवतो, साहेब."

दुपारी हौसाचा डोळा लागला होता. जाग आली तर कुशीत बाळ नाही, आणि पुढ्यात पाटीभर पेंड.

"आवं, बाळ कुठाय?"

"गोठ्यात. मऊ फडक्यानं बांधलंय, खुंट्याला," केरबा बाहेरून म्हणाला. "तू पेंड खात राहा. हलू नको. बादली घेऊन आलोच."