आठचा मेसेज

"…मग पायथॉन शिकू की जावास्क्रिप्ट? एकच नाव सांगा, उस्ताद."

मुनीर उस्ताद चहा गाळत होते. वीस वर्षं त्यांनी नळदुर्गात कॉम्प्युटरचा क्लास चालवला. आता तो बंद आहे, टेबलांवर चादरी आहेत. माझा सोपानदादा इथंच शिकला आणि पुण्याला नोकरीला लागला.

दादा जाऊन एकवीस दिवस झाले. हायवेवर अपघात झाला, मोटारसायकलवर होता.

"बस आधी, अंगद."

मी बसलो नाही.

"दादाच्या दोस्तांना विचारलं. एक म्हणतो पायथॉन सोपी. दुसरा म्हणतो जावास्क्रिप्टच घे, सगळीकडं चालते. तिसरा लॅराव्हेल म्हणाला, की दोघं 'ती भाषाच नाही' म्हणून त्याच्यावर तुटून पडले. मी माझा फोन आपटला."

"फुटला?"

"काच गेली."

उस्ताद हसले नाहीत. "आठवी नापास तू. टायरचं दुकान सोडून हे खूळ कशाला?"

मी सांगितलं. दादानं मायसाठी एक लहानसा प्रोग्राम करून ठेवलाय. रोज सकाळी आठला तिच्या मोबाइलवर मेसेज येतो, 'माय, बीपीची गोळी घेतली का?' तो अजून येतो. माय गोळी घेते आणि उत्तर लिहिते, 'घेतली रे.'

"रोज लिहिते?"

"रोज. दादाचा फोन माझ्याकडं आहे, त्यावर येतं."

…

"प्रोग्राम जुन्या पीएचपी भाषेत आहे," मी म्हणालो. "सर्व्हरवाले तीस तारखेला जुनी पीएचपी बंद करणार. मेसेज थांबला तर ती गोळी सोडेल, उस्ताद. म्हणून मी नवा लिहिणार. एकदाच. मी मेलो तरी चालत राहील अशी भाषा सांगा."

"अशी एकही नाही."

"मग वीस वर्षं शिकवलं काय?"

बोलून गेलो. उस्तादांनी शांतपणे कप माझ्या पुढ्यात ठेवला.

"सात भाषा शिकवल्या. दर वेळी पोरांना सांगितलं, ही टिकेल." त्यांनी चादरींकडं पाहिलं. "तू सांग, सगळ्यात टिकाऊ टायर कोणता?"

"कंपनीवर नसतं ते. जो रोज हवा बघतो, त्याचा टिकतो."

उस्तादांनी मान डोलावली.

"मग मी बघेन ना," मी म्हणालो. "रोज बघेन."

"प्रोग्रामकडं?"

"मग कुणाकडं?"

…

"माय जेवते का?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही?"

"ती दादाचा शर्ट घेऊन बसते. मला बघवत नाही. मी दुकानातच झोपतो."

"कधीपासून?"

मी कप उचलला. चहा बशीत सांडला.

"एकवीस दिवस…" उस्ताद स्वतःशीच म्हणाले. "आणि घर इथून दोन गल्ल्यांवर."

"तुम्ही भाषेचं सांगा हो! तेवढंच विचारायला आलोय!"

माझा आवाज रिकाम्या क्लासात घुमला आणि विरला. उस्तादांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. आठला सहा मिनिटं कमी होती.

त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला, त्यावर बशी झाकली आणि दार उघडून धरलं.

"मेसेजच्या आधी घरी पोच."