चोरदिंडी

"ती दिंडी राणोजीला दाखवली कुणी, महाराज?"

किल्लेदार सिदोजी उभ्यानंच विचारत होता. मठीत शिरताना त्यानं कमरेची तलवारही उतरवली नव्हती.

भवानगीर गोसाव्यांनी त्याला बसायला घोंगडी पुढे केली.

चंद्रावळगडाच्या मागच्या तटात एक चोरदिंडी होती, दगडांनी बुजवलेली छुपी वाट. एका किल्लेदारानं दुसऱ्याला सांगायची, तिसऱ्याला नाही, अशी रीत. वेढा आवळायच्या आत सिदोजी कुमक आणायला गेला, गड राणोजी नाइकाच्या हवाली करून. परतला तेव्हा गड पडला होता. पण बायकापोरं खालच्या रानात सुखरूप होती. सिदोजीचीही. राणोजीनं त्यांना दिंडीतून काढलं, मागे दगड पहिल्यासारखे लावले आणि महादरवाज्यावर जाऊन लढता लढता पडला.

शत्रूला दिंडी सापडली नाही. पुढे तिथूनच शिरून सिदोजीनं गड परत घेतला.

"माझी माणसं त्याच्यामुळे वाचली, हे मी विसरत नाही," सिदोजी म्हणाला. "पण गुपित फुटलं कुठून, ते कळायला हवं. आज नाइकाला कळलं, उद्या फितुराला कळेल."

"रास्त आहे."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"परवा राणोजीची बायको येऊन गेली. महादरवाज्यावर जाताना तो तिला बोलला होता." गोसावी थांबले. "कुणी फोडलं नाही, सिदोजी. ती दिंडी त्याच्या बापानं बांधली. हा हाताखाली दगड देत होता."

"म्हणजे... मी गडावर येण्याच्या आधीपासून?"

"हो."

"आणि कुणाला बोलला नाही?"

"बायकोलाही नाही. त्या दिवसापर्यंत."

सिदोजी खाली बसला.

"मागल्या साली त्यानं मला विचारलं होतं. 'गडाला आडवाट आहे का, धनी? प्रसंग पडला तर आणखी एकाला ठाऊक असावी.' मी म्हटलं, नसत्या चौकशा करू नकोस." त्याचा आवाज उतरला. "त्या दिवसापासून मी त्याच्यावर पाळत ठेवली होती, महाराज."

"त्याला कळलं होतं का ते?" सिदोजीनंच विचारलं.

गोसाव्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. सिदोजीनं तो घेतला नाही.

"वाट ठाऊक होती," तो पुटपुटला, "तर मग मला विचारलं कशाला त्यानं?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं असेल."